अंगणवाडीतलं अंगण

ज्वारीची काढणी उरकली की माढ्याच्या आसपासची रानं मोकळी होतात. कणसं खळ्यावर गेलेली असतात, कडब्याची गंज रचलेली असते आणि बांधाच्या कडेला मोडकीतोडकी ताटं पडून असतात. ती गोळा करायला कुणाला सवड नसते. फेब्रुवारी-मार्चच्या त्या दिवसांत या चिपाडांचे मालक म्हणजे गावातली पोरं.

अशाच एका बांधावर सात-आठ वर्षांची बहीण आणि तिचा पाचेक वर्षांचा भाऊ गाडी करत बसलेले दिसले. ज्यांनी लहानपणी ही गाडी केली असेल त्यांना कृती सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. वाळलेलं ताट पेराच्या दोन्ही बाजूंनी मोडायचं आणि दातांनी साल सोलायची. सालीच्या लांब, चिवट काड्या निघतात. त्यांना धार असते, बोट हलगर्जीपणे फिरलं तर कापतंच. आत उरतो पांढरा, हलका, दाबला तर दबणारा गाभा. गाभ्याच्या चकत्या झाल्या चाकं, सालीची काडी झाली आख, आणखी चार काड्या खोचल्या की साटा आणि जू. खिळा नाही, दोरा नाही, डिंक नाही. एकाच ताटाची साल गाभ्यात घुसते आणि घट्ट बसते.

पोराने एक चाक बुडख्याकडच्या पेराचं घेतलं होतं आणि दुसरं शेंड्याकडचं. साहजिकच एक मोठं, एक लहान. गाडी कलली आणि ढकलली की लहान चाकाच्या अंगाला वळायला लागली. त्याने गाडी उलटी करून पाहिली, आख पुन्हा खोचली, जू बदललं. बहीण आपल्या गाडीत गुंतलेली, तिने मान वर केली नाही. बऱ्याच वेळाने त्याने दोन्ही चाकं उपसली, जवळजवळ ठेवली, बोटाने दाबली. मग एकच जाडसर पेर शोधलं आणि त्याच्याच दोन चकत्या कापल्या. गाडी सरळ गेली. ‘समान’ हा शब्द त्याला अजून कुणी शिकवलेला नसावा, पण समान नसलं की काय होतं ते आता त्याला कळलं होतं.

बालशिक्षणाच्या पुस्तकांत या वीसेक मिनिटांसाठी भारदस्त शब्द आहेत: तुलना, वर्गीकरण, कार्यकारणभाव, हात आणि डोळ्यांचा मेळ. शब्द खोटे नाहीत, पण ते वाचून असं वाटतं की हे एकेक कौशल्य वेगवेगळ्या तासाला शिकवायचं असतं. बांधावर ती सगळी एकाच वेळी, एकाच अडचणीपोटी आली होती. सायमन निकोल्सन या इंग्रज कलावंताने १९७१ साली एका लेखात याची फार सोपी फोड केली होती. त्याचं म्हणणं असं, की एखाद्या जागी मुलांची कल्पकता किती चालेल हे तिथे हलवता, जोडता, मोडता येण्याजोग्या वस्तू किती आणि किती तऱ्हेच्या आहेत यावर ठरतं. या वस्तूंना त्याने ‘सुटे भाग’ म्हटलं. घसरगुंडीवरून फक्त घसरता येतं. दगड, काटक्या, पाणी, माती आणि चिंचोके यांचं काय होईल हे मात्र आधी सांगता येत नाही. चिंचोका दुपारी पैसा असतो, संध्याकाळी भाकरी होते आणि रात्री खिशात राहून दुसऱ्या दिवशी आईच्या शिव्या खातो.

आता शहाण्या पालकांची एक तक्रार असते: खेळ ठीक आहे, पण लिहायला कधी लागणार? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात म्हटलं आहे, की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ वयाच्या सहाव्या वर्षाआधी होते. या आकड्याने उलटंच केलं. मेंदू वाढतोय तर वेळ कशाला दवडायचा, म्हणून तिसऱ्या वर्षीच पोराच्या हातात पेन्सिल दिली गेली. या पालकांना हाताचा एक्स-रे दाखवावासा वाटतो. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. तीन वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेमध्ये त्यांतली साधारण तीनच उमटतात, बाकीची अजून कूर्चा असते. सहा-सात वर्षांपर्यंत सात दिसू लागतात आणि आठवं त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे ज्या मनगटाकडून आपण दुरेघी वहीत ‘अ’ गिरवून घेतो, त्याचं बांधकामच चालू असतं. त्या मनगटाला हवा असतो दाब, ताण आणि पीळ: चिखल मळणं, ओलं कापड पिळणं, दोरी ओढणं, साल सोलणं. बेंदराला मातीचे बैल करणारा हात पेन्सिलीचीच तयारी करत असतो. बैलाची शिंगं सारखी वळवणं आणि ‘ळ’ची गाठ वळवणं यांत स्नायूंच्या दृष्टीने फारसा फरक नाही.

हे सगळं परदेशातून आलेलं नवं खूळ आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने ‘अंगणवाडी’ हा शब्द पुन्हा एकदा उच्चारून पाहावा. वाडीच्या आधी अंगण आहे.

या शब्दाची गोष्ट ताराबाई मोडक यांच्यापासून सुरू होते. त्यांनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलं, १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, दादरला शिशुविहार निघालं. हे सगळं माँटेसरी पद्धतीचं, पण शहरातलं आणि फी परवडणाऱ्यांचं. माँटेसरीची लाकडी साधनं महाग, गावात कोण घेणार? १९४५ साली ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, मग शिक्षण आणि पुण्याच्या शाळेतली नोकरी, असा त्यांचा तोवरचा प्रवास. गरीब वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून मुलांच्या दारात नेली. कुणाच्या तरी अंगणात, झाडाखाली, आया कामं करता करता बघताहेत, अशी ती भरायची. अंगणवाडी ही कल्पना आणि हे नाव त्या कामातून आलं. लाकडी ठोकळ्यांच्या जागी शिंपले, बिया, खडे आणि पानं आली. काटकसर म्हणून झालेली ही अदलाबदल माझ्या मते मूळ साधनांपेक्षा सरस ठरली. कारखान्यातले दहा ठोकळे ठरवलेल्या मापाचे असतात. दहा शिंपल्यांत मात्र लहान-मोठा क्रम मुलालाच लावावा लागतो, आणि दोन शिंपले जवळपास सारखे निघाले की भांडावंही लागतं.

१९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं दिवसभर गुरं राखायची. गुरं सोडून शाळेत बसणं त्यांना शक्य नव्हतं, म्हणून शिक्षक कुरणात गेले. त्या शाळेचं नाव कुरणशाळा. गुरांवर लक्ष ठेवायचं आणि जे समोर आहे त्यावरच मोजायचं, बोलायचं, गाणी म्हणायची. पुढे केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशभरातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द बोर्डीतून निघून भारतभर पोचला. पोचता पोचता शब्दातलं अंगण मात्र झिजत गेलं. आज पुष्कळ ठिकाणी ते पेव्हर ब्लॉकचं असतं. स्वच्छ दिसतं, चिखल होत नाही, पाहणीला आलेले साहेबही खूश. उन्हाळ्यात मात्र साडेदहानंतर त्यावर अनवाणी पाय ठेवून बघावा.

माढ्याला खरं तर सामानाची ददात नाही. पश्चिमेला भीमा, पूर्वेला सीना, मधे काळी रानं आणि मुरमाड माळ. पाऊस ५०० ते ५५० मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. काळी माती बेसॉल्टच्या खडकापासून झालेली, चिकणीचं प्रमाण जास्त. पाणी लागलं की ती फुगते, वाळली की आकसते, म्हणून उन्हाळ्यात रानाला हात जाईल अशा भेगा पडतात. गावठाणाची पांढरी वेगळी, जुन्या घरांच्या माळवदावर टाकायची ती. मुरूम वेगळा, ओढ्याची वाळू वेगळी. या चार मात्या चार घमेल्यांत ओल्या करून पाच वर्षांच्या मुलासमोर ठेवा. वाळूचा लाडू बांधला जातो आणि वाळला की ढासळतो. मुरूम बोटांना टोचतो. काळीचा लाडू तुळतुळीत होतो, पण सकाळी बघावं तर तडकलेला. काळीत थोडी वाळू मिसळली तर तडकत नाही, हा शोध कुणीतरी एक पोर लावतंच, आणि मग त्या पोराला दिवसभर भाव चढतो. शेतावर मातीची पारख करताना मृदाशास्त्रज्ञ काय करतो? चिमूटभर ओली माती अंगठा आणि बोटामध्ये दाबून तिची पट्टी काढतो. न तुटता पट्टी जितकी लांब, तितकी चिकणी जास्त. बैलाचं शेपूट वळताना मुलं तेच करत असतात, फक्त तक्त्यात नोंद करत नाहीत.

इथे एक गोष्ट मनाला लागते ती सांगून टाकतो. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं. धरणाची भिंत माढा तालुक्यातल्याच उजनी गावाची. पाणी आलं, ऊस आला, कारखाने आले, घरात चार पैसे आले. दुष्काळ भोगलेल्या माणसाला उसाबद्दल नाक मुरडायला सांगणं हा मूर्खपणा होईल. पण पाच वर्षांच्या मुलाच्या उंचीवरून पाहिलं तर ज्वारीचं रान आणि उसाचं रान यांत मोठा फरक आहे. ज्वारीचं रान काढणीनंतर तीन-चार महिने मैदान असतं. तिथे चिपाडं असतात, ढेकळं असतात, उंदरांची बिळं असतात, हुरड्याच्या आगटीची राख असते. ऊस वर्षभर उभा. त्याची पात अंगाला चरचरून कापते, आत दोन हातांवरचं दिसत नाही, आणि बिबट्याच्या भीतीने आया मुलांना कडेलाही फिरकू देत नाहीत. पीक बदललं तशी मुलांच्या खेळाची जागा गेली, हा हिशेब कोणी मांडत नाही. माळाचंही तेच. सरकारी कागदावर पडीक म्हणून लागलेल्या याच माळांवर माळढोक फिरायचा. १९७९ साली जाहीर झालेल्या नान्नजच्या अभयारण्याच्या मूळ विस्तारात माढा तालुक्याचाही भाग होता. पक्षी दिसेनासा झाला, आणि माळावर हुंदडणारी पोरंही कमी झाली.

मोकळ्यावर खेळण्याचे शारीरिक फायदे तपासणारे काही नेटके प्रयोग झाले आहेत. चीनमधल्या ग्वांगझूत बारा शाळांतल्या सहा-सात वर्षांच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटं जास्तीचा तास बाहेर घेतला गेला. २०१५ मध्ये निकाल आले: नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना जवळचं नीट दिसून लांबचं अंधूक होण्याचा दोष लागला, बाहेर जाणाऱ्यांत ३०.४ टक्क्यांना. कारण बहुधा उजेड. खोलीत दिवे लावूनही काहीशे लक्सच्या पलीकडे जात नाही, बाहेर लिंबाच्या सावलीतसुद्धा तो काही हजार असतो. तेजस्वी उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवतं आणि बुबुळामागचा गोल गरजेपेक्षा लांब वाढायला आळा बसतो, असा आजचा समज आहे.

दुसरा प्रयोग फिनलंडचा, २०२० साली प्रसिद्ध झालेला. तीन ते पाच वर्षांची ७५ मुलं. काही पाळणाघरांच्या खडीच्या अंगणात जंगलातली माती, गवताची ढेपं आणि झुडपं आणून टाकली. मुलं त्यात रोज खेळली. २८ दिवसांत त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांचं वैविध्य वाढलं आणि प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या काही घटकांचं रक्तातलं प्रमाण सुधारलं. प्रयोग लहान होता आणि त्यातून मुलं पुढे कमी आजारी पडतात असं सिद्ध होत नाही, हेही सांगायला हवं. पण गंमत बघा, फिनलंडवाल्यांना माती ट्रकने आणावी लागली. आपण ती ट्रॅक्टरने बुजवून वर ब्लॉक बसवतो.

तरी ‘मातीत खेळू द्या’ एवढं म्हणून मोकळं होणाऱ्यांचा मला राग येतो. माढ्याच्या मातीत विंचूही असतो, दगड उचलताना तो हटकून भेटतो. म्हणून दगड आपल्याकडे उलटायचा, आपल्यापासून दूर नाही, हे चार वर्षांच्या मुलालाही शिकवता येतं आणि ते शिकतं. एरंडाच्या बिया आणि धोतरा विषारी, रुईचा चीक डोळ्यात गेला तर घात, गाजरगवताने अंगावर पुरळ येतं. ही चार झाडं दाखवून ओळखायला लावणं हाच एक चांगला धडा आहे. उघड्यावर शौचाला जाणं जिथे थांबलेलं नाही तिथल्या मातीत जंत असतात. म्हणून हात साबणाने धुणं आणि जंताची गोळी वेळेवर घेणं चुकवता येत नाही. धनुर्वाताची लस तर हवीच. सगळ्यांत वाईट ते शेततळं. आतला प्लास्टिकचा कागद ओला झाला की मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. शेततळ्याला कुंपण नसेल तर त्या शिवारात लहान मुलांना नेऊच नये, यात काहीही काव्य नाही.

आणि निसर्गात असणं म्हणजे खेळणं, असंही नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीडकडून आणि इतर भागांतून टोळ्या येतात. कोप्यांमध्ये राहणारी त्यांची लहान मुलं पाच-सहा महिने चोवीस तास उघड्यावर असतात. पहाटे थंडीत फडात जातात, वाढ्यांच्या ढिगाऱ्यावर झोपतात, पाचेक वर्षांची पोरगी धाकट्याला कडेवर घेऊन दिवसभर हिंडते. त्यांना आकाश, माती, झाड, प्राणी सगळं मिळतं. मिळत नाही ती सुरक्षित जागा, लक्ष ठेवणारं एक मोठं माणूस आणि कामातून सुटका. कोसबाडची कुरणशाळा नेमकी हे ओळखून निघाली होती. फडाच्या कडेला सावलीत दोन तास कुणीतरी या मुलांसोबत बसलं, तर त्याच चिपाडांतून, त्याच मातीतून बालवाडी उभी राहते.

तेव्हा प्रश्न सामानाचा कमी आणि माणसाचा जास्त आहे. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तेव्हा पाठ्यपुस्तकावरच्या क्यूआर कोडची चर्चा घरोघर झाली. त्याच वेळी त्यांच्या झाडं लावण्याच्या कामाचाही उल्लेख आला होता, तो फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. झाड लावणारा शिक्षक मुलाला एक लांबलचक गोष्ट वाचायला देतो. ती संपायला काही वर्षं लागतात, आणि मोबाइलवर ती उघडत नाही.

अंगणवाडीच्या सेविकेवर आधीच कामांचा डोंगर आहे: आहार, वजनं, रजिस्टरं, मोबाइलमधल्या नोंदी. तिला आणखी एक ‘निसर्ग उपक्रम’ देऊन फोटो मागवले तर ती फोटो काढून पाठवेल. खरं काम त्याहून हलकं आहे. अंगणाच्या एका कोपऱ्यातले ब्लॉक काढायचे, तिथे एक-दोन ट्रॉली माती आणि वाळू टाकायची, लिंबाची किंवा करंजाची सावली धरायची, जुनी घमेली, नारळाच्या करवंट्या, फुटक्या माठाच्या खापऱ्या आणि एक पाण्याचं पिंप ठेवायचं. उन्हाळ्यात सकाळचे दोन तास बास. जर्मनीतल्या वनशाळांची पोरं बर्फात हुंदडतात म्हणून आपण एप्रिलच्या दुपारी ४२ अंशांत पोरं बाहेर काढू नयेत. आणि मग गप्प बसायचं. हे शेवटचं सगळ्यांत अवघड. गाडी कलली की ‘अरे, चाक बघ ना लहान-मोठं झालंय’ हे वाक्य जिभेवर येतं. बांधावरची बहीण ते बोलली नाही, कारण तिला आपल्या गाडीची घाई होती. शिक्षकाला ते मुद्दाम गिळावं लागतं.

गेल्या जूनमध्ये पहिला दणक्याचा पाऊस पडून गेल्यावर एका अंगणवाडीच्या मागच्या ओल्या मातीत मृगाचे किडे निघाले होते. लाल मखमलीचे थेंब चालताहेत असे. पोरं वाकून बघत होती. एकाने बोट लावलं, किड्याने पाय मिटून घेतले, सगळे ओरडले. ‘ताई, याला पाय किती?’ ताईंना माहीत नव्हतं. त्यांनी तसं सांगितलं आणि त्याही उकिडव्या बसल्या. किडा हातावर घेतला. पहिल्या मोजणीत सहा आले, दुसऱ्या वेळी नऊ, कारण किडा थांबत नव्हता. मग एका मुलीने एकेका बाजूचे मोजायची युक्ती काढली: इकडे चार, तिकडे चार. आठ भरले. मुंगीला सहा असतात हे त्यांतल्या दोघांना ठाऊक होतं, म्हणून आठ कसे यावर वाद झाला. पायांच्या हिशेबाने तो किडा नव्हेच, कोळी-विंचवांच्या कुळातला, हे मी सांगणार होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी विचारलं, ‘आणि खेकड्याला?’ सगळी पोरं ओढ्याच्या दिशेने बघायला लागली.